गौरी-आवाहनाच्या दिवशीची पाळी

सकाळी पावणेसात. 31 ऑगस्ट 2025, रविवार. दारात रांगोळी झाली होती. तेरडा आणायला पाणवठ्यावर निघालेल्या बायकांची हाकाहाक चालू होती, तेवढ्यात फोन आला.

‘ताई, रात्रीपासून ताप आहे. एकशे दोन. थंडी भरून येतेय. पण गोळी घेतलीय, दुपारपर्यंत उतरेल. येते मी.’

आमच्याच वॉर्डातली अधिपरिचारिका. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान. माझी पाळी सकाळची, तिची दुपारची.

‘यायचं नाही,’ मी म्हटलं. ‘आधी रक्त तपासून घे.’ तर ती रडायलाच लागली. ‘सगळे म्हणतील, गौरी आल्या त्याच दिवशी हिला बरा ताप आला.’

ती हे उगाच म्हणत नव्हती. सणाला आजारी पडलेल्या सिस्टरवर कुणी पटकन विश्वास ठेवत नाही. तिचाही स्वतःवर बसत नाही. ताप खरा की आपणच घर सोडायला नको म्हणून कुरकुरतोय, हे ती थर्मामीटर तीनदा लावून पाहते.

आठ वाजता नाईटच्या सिस्टरकडून ओव्हर घेतली. सुट्टीचा दिवस, त्यामुळे ओपीडी बंद; आंतररुग्ण आणि इमर्जन्सी तेवढी चालू. दोन बाळंतिणी, त्यातली एक पहिलटकरीण. बाळ दोन दिवसांचं, दूध नीट ओढत नव्हतं. त्याच्या आईला नीट बसवून, बाळाची मान हातावर घेऊन पाजायला शिकवण्यात अर्धा तास गेला. याच खाटांमधून तापानं फणफणलेली सिस्टर फिरवायची? भातलावणीनंतरचे हे दिवस. महाड-पोलादपुरात लेप्टो, डेंग्यू, साधा फ्लू, काहीही असू शकतं. कशाचा ताप आहे ते कळेपर्यंत तिनं घरी राहणं हेच रुग्णांच्या हिताचं. ती रजा घेऊन काम चुकवत नव्हती, ते तिचं कामच होतं.

साडेनऊला इनचार्ज सिस्टरांना फोन केला. दुपारसाठी दुसरं कुणी मिळेना. एक नाईट करून नुकतीच घरी गेलेली, एक बाळंतपणाच्या रजेवर. ‘मीच थांबते,’ मी म्हटलं.

हा हिशेब एकदा मांडायला हवा. वॉर्डात एका वेळी एक सिस्टर ठेवायची तर दिवसाच्या तीन पाळ्या, वर्षाच्या 1,095. एका बाईचे 365 दिवस. त्यातून 52 साप्ताहिक सुट्ट्या, 8 किरकोळ रजा आणि 30 अर्जित रजा वजा केल्या तर 275 उरतात. सणवारांच्या सुट्ट्यांची भरपाई धरली की अडीचशेच्या आसपास. म्हणजे एका वेळी एक खुर्ची भरलेली ठेवायला तक्त्यावर निदान पाच नावं हवीत, आणि तेही वर्षभरात कुणीच आजारी पडलं नाही तर. म्हणून तर भारतीय परिचर्या परिषदेनं 30 टक्के रजा राखीव पदं सुचवलेली आहेत. आजारपणाची रजा 1981 च्या रजा नियमांत लिहिलेली आहे. ती कुणाची मेहरबानी नाही. पण राखीव माणूसच नसेल तर नियमातली रजा प्रत्यक्षात मैत्रिणीच्या पाठीवर जाते. आणि घेणारीच्या मनाला टोचत राहते.

साडेअकराला रिक्षा आली. तळीयेच्या खोऱ्यातली बाई, चाळिशीची. तेरडा उपटायला बांधावर वाकली आणि हाताला साप चावला. हात कोपरापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. तिच्या मुलानं मनगटाला करकचून सुतळी बांधली होती. डॉक्टर आले, सलाइन लावलं, मग ती सुतळी सोडली.

कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. बाकीची कामं चालूच होती, पण डोळा घड्याळावर. वीस मिनिटांनी नळी कलंडवली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. म्हणजे विष रक्तात भिनलेलं. सर्पविषप्रतिबंधक लसीच्या दहा व्हायल काढल्या. ही पावडर असते. प्रत्येकीत दहा मिली पाणी घालायचं आणि व्हायल तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो. दहा व्हायल, एक सिस्टर. शेवटी मावशींना समोर बसवलं आणि कशी फिरवायची ते दाखवलं.

सव्वाबाराला लस सुरू झाली. पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास. अंगावर गांध उठली, श्वास लागला, तर ताबडतोब ॲड्रिनॅलिन. ते भरून उशाशी ठेवलेलं. त्यानंतर दोन तास दर पंधरा मिनिटांनी. एक सिस्टर कमी असली की काय होतं, ते इथे दिसतं: त्या अर्ध्या तासात बाळंतिणीनं हाक मारली आणि मला जाता आलं नाही.

दोन वाजता पाळी संपली आणि लगेच दुसरी सुरू झाली. घरी फोन करून सासूबाईंना सांगितलं, गौरी तुम्हीच आणा. ‘आणते गं,’ म्हणाल्या, ‘तू जेवलीस का?’

चारच्या सुमाराला जरा उसंत मिळाली. त्या बाईची नणंद खाटेशी बसली होती. बोलता बोलता म्हणाली, ‘आमच्यात कुणाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. त्या वेळी रस्ताच नव्हता ना.’

ती तळीयेच्या दरडीबद्दल बोलत होती. 22 जुलै 2021 ला दुपारी डोंगर तिथल्या कोंडाळकरवाडीवर आला आणि 80 हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी महाड पाण्याखाली होतं. पोलादपुरातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या.

या भागातल्या सिस्टरना रजेचा अपराध इतका का वाटतो, त्याचं उत्तर इथल्या तारखांत आहे. 2005 च्या जुलैत जुई, दासगावच्या दरडी. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. आणि 24 ऑगस्ट 2020 ला, गणपती बसलेले असताना, महाडात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 जण गेले. ढिगाऱ्यातून चार वर्षांचं पोर जिवंत निघालं तो दुसरा दिवस गौरी-आवाहनाचाच होता. आपण घरी बसलो आणि आजच तसं काही झालं तर? ही भीती आमच्या कुणाच्याच मनातून जात नाही. ती भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण पाच बायकांचं काम तिघींवर टाकून त्या भीतीवर दवाखाना चालवायचा, हे मला मान्य नाही.

पाचला फोन. ‘ताई, किती पेशंट? मी येऊ का आठपर्यंत तरी?’ ताप उतरून पुन्हा चढला होता. मी सर्पदंशाचं आणि लसीचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रिक्षा करून आली असती.

सव्वासहाला, सहा तास झाल्यावर, पुन्हा दोन मिली रक्त, पुन्हा तीच वीस मिनिटं. या वेळी नळी कलंडवली आणि रक्त हललं नाही. गोठलेलं. नणंदेला दाखवलं. सूज उतरायला दिवस लागतील, पण मोठा धोका टळला होता.

आठ वाजता नाईटच्या सिस्टरला ओव्हर दिली आणि मग घरी असलेल्या आजारी सिस्टरला फोन करून सगळं सांगितलं. गप्प झाली. ‘मी असते तर...’ म्हणाली. मी म्हटलं, ‘तू असतीस तर तापानं थरथरत्या हातांनी ॲड्रिनॅलिन भरलं असतंस. तुझ्या जागी माणूस देणं ही तुझी जबाबदारी नाही. उद्या गौरीपूजनालाही तू घरीच राहा, मी इनचार्जना सांगितलंय.’

सणाच्या दिवशी वॉर्डात एकच सिस्टर धावताना दिसली, तर दुसरी कुठे गेली हे तिला विचारू नका. तुमच्या दवाखान्यात परिचारिकांची किती पदं मंजूर आहेत, किती रिकामी आहेत आणि रजा राखीव एक तरी आहे का, हे जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि आमदारांना लेखी विचारा.