मुलाखतीला काय घालायचं?

खारबाव हे वसई–दिवा रेल्वेमार्गावरचं स्टेशन. एका बाजूला कामण, जूचंद्र आणि वसई, दुसऱ्या बाजूला भिवंडी, कोपर आणि दिवा. भातशेतीच्या आणि खाडीच्या या पट्ट्यातली मुलंमुली नोकरीसाठी दोन्ही दिशांना जातात. कुणी भिवंडीच्या गोडाऊनमध्ये, कुणी वसईच्या कारखान्यात, कुणी ठाण्याच्या बँकेत किंवा रुग्णालयात. बायोडेटा तयार असतो, मार्कशीटच्या झेरॉक्स फायलीत लावलेल्या असतात. अडतं ते कपाटासमोर. कपाटातला सगळ्यात चांगला शर्ट कुणाच्या तरी हळदीसाठी घेतलेला, चमकदार असतो. तो समारंभात शोभतो, मुलाखतीत नाही. मग उसनवारी करून ब्लेझर घ्यायचा का?

मुळीच नाही. मुलाखतीचा कपडा किमतीवर ठरत नाही. तो स्वच्छ हवा, मापात हवा आणि ज्या कामासाठी जायचं त्याला साजेसा हवा. या तिन्ही गोष्टी साध्या घरालाही परवडतात.

पहिल्या नजरेचा अन्याय

कपड्याकडे लक्ष द्यायला हवं, कारण समोरचा माणूस देतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेहरा तोच, पण अंगातला कपडा जरा श्रीमंती वाटला की लोक त्या माणसाला अधिक सक्षम समजत होते. हे मत बनायला सेकंदाचा जेमतेम आठवा भाग पुरत होता. ‘कपड्यांकडे दुर्लक्ष करा’ असं बजावूनही फरक पुसला गेला नाही. हा दोष बघणाऱ्याचा आहे, पण त्याची किंमत उमेदवार मोजतो.

पोशाख हा मानाचा प्रश्न आहे, हे महाराष्ट्राला कुणी नव्याने सांगायला नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेब आंबेडकरांनी जातीची खूण सांगणारी लुगडं नेसण्याची पद्धत आणि तसेच दागिने सोडून द्यायला सांगितलं. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असावा, हा त्यांचा आग्रह होता. मुलाखतीला निघालेल्या प्रत्येकाने तो मनाशी धरावा.

काम बघून कपडे

बँक, पतपेढी, शाळा किंवा कार्यालय असेल तर फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, शर्ट आत खोचलेला, साधा पट्टा आणि पुसलेले बूट एवढं पुरे. मुलींना सुती कुर्ता-सलवार किंवा साडी, जे घालून सहज बसता-चालता येईल ते. मुलाखतीच्या दिवशीच पहिल्यांदा साडी नेसण्याचा प्रयोग नको.

भिवंडीजवळच्या काल्हेर, राहनाळ, माणकोलीच्या गोडाऊनमधलं काम असेल तर विचार बदलावा. तिथे मुलाखत घेणारा सुपरवायझर बोलता बोलता आत काम दाखवायला नेऊ शकतो. आत फोर्कलिफ्ट फिरत असते, माल वाहणारा पट्टा चालू असतो. चप्पल नको, पाय पूर्ण झाकणारे बूट हवेत. ओढणी पिन लावून आवरलेली, केस बांधलेले, लोंबणारे कानातले आणि सैल बांगड्या घरी. चालत्या यंत्राजवळ सैल कपडा जिवावर बेतू शकतो. म्हणूनच १९४८ च्या कारखाना कायद्याने चालू यंत्राची तपासणी करणाऱ्या कामगाराला अंगाबरोबर बसणारे कपडे घालायला लावले होते, आणि ते पुरवण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. अशा ठिकाणी टाय लावून गेलेल्यापेक्षा नीट बूट घालून आलेला उमेदवार काम समजून आलेला वाटतो.

कापड आणि माप

भिवंडीच्या लूमवर शर्टाचं कापड विणलं जातं, त्यामुळे कापड हाताने पारखणारी माणसं इथे जवळच भेटतात. त्यांना विचारावं. शुद्ध सुती कापड घाम टिपतं, पण लवकर चुरगळतं. निव्वळ पॉलिस्टर चुरगळत नाही, पण आपल्या दमट हवेत अंगाला चिकटतं. गर्दीच्या गाडीतून जायचं असेल तर सुताचं प्रमाण जास्त असलेलं मिश्र कापड सोयीचं. मध्यम राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचे डाग लगेच उठून दिसतात. पांढऱ्यावर ते कमी दिसतात.

माप घरीच तपासता येतं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत. बाही मनगटाशी आणि पँट बुटापाशी थांबावी. रेडिमेड शर्ट ढगळ असेल तर टेलरकडून बाजू दाबून घ्याव्यात. नव्या शर्टापेक्षा हे फार स्वस्त पडतं. आदल्या दिवशी सगळे कपडे घालून खुर्चीत बसावं, हात वर करावे. बटण ताणलं जातंय, शर्ट बाहेर येतोय, हे तेव्हाच कळतं. पावसाळ्यात बूट आणि कोरडे मोजे पिशवीत न्यावेत आणि पोहोचल्यावर घालावेत.

बोलावणाऱ्यांचीही जबाबदारी

एवढी तयारी उमेदवाराने करावी, तर बोलावणाऱ्यांनीही दोन गोष्टी कराव्यात. बोलावण्याच्या मेसेजमध्येच लिहावं की कपडे साधे चालतील, बूट हवेत की नकोत, आत कामाच्या जागी न्यायचं आहे का. घरात याआधी कुणी अशी नोकरी केलेली नसेल, तर हे मुलांना सांगणार कोण? दुसरं, सगळ्यांना विचारायचे प्रश्न आधी ठरवावेत आणि गुण उत्तरांना द्यावेत. म्हणजे पहिल्या नजरेने केलेला निवाडा निकालात उतरणार नाही.

कपडा नीट असला की उमेदवाराचं लक्ष कॉलरवरून हटतं आणि प्रश्नावर जातं. त्याच्याकडून कपड्याबाबत एवढीच अपेक्षा ठेवावी. नोकरी त्याच्या उत्तरांवर मिळायला हवी.