पर्स, पाऊस आणि पदर

ऐंशीच्या दशकात डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जाणाऱ्या बाईची पर्स केवढी असावी, हे तिचा जेवणाचा डबा ठरवत असे. दोन पुडांचा डबा पर्समध्ये उभाच राहिला पाहिजे. आडवा झाला की आमटीचा ओघळ थेट रेल्वेच्या पासापर्यंत. त्याच्या कडेने छत्री, रुमाल, कंगवा, टिकल्यांचं पाकीट, बडीशेपेची डबी, सेफ्टी पिनांचा झुबका. शिवाय येताना भाजी घ्यायला घडी घालून ठेवलेली कापडी पिशवी. एवढं सगळं पोटात घेणारी माझी पहिली पर्स रेक्झीनची होती, चॉकलेटी. वर्षभरात तिची चेन गेली. स्टेशनबाहेर चपला-छत्र्या दुरुस्त करणाऱ्याने रनर बदलून दिला आणि ती आणखी एक पावसाळा निघाली.

तेव्हा पर्सचा कुणी संग्रह करत नसे. रोजची एक, लग्नाकार्याची एक, संपलं. आईकडे तर तेवढंही नव्हतं. तिचा बटवा कमरेला आणि मोठी नोट ब्लाउजमध्ये. कॉलेजात असताना मी खादीची शबनम वापरली होती. आमच्या वर्गात शबनम खांद्याला असली की माणूस वाचणारा, निदान मोर्च्याला जाणारा तरी, असं धरून चालत. पण लेडीज डब्याच्या गर्दीत उघड्या तोंडाची शबनम म्हणजे पाकीटमाराला निमंत्रणच. ती रविवारपुरती उरली.

आज माझ्या कपाटात पर्ससाठी दोन पूर्ण कप्पे आहेत. आमच्या घरातल्या कुणालाच हे शोभतं असं वाटत नाही, मला मात्र त्याचा आनंद होतो. या कप्प्यांत काय आलं, काय टिकलं आणि काय गेलं हे आता मागे वळून पाहताना जाणवतं, की निवड करायला मी एकटी नव्हते. माझ्याबरोबर मुंबईचा पाऊस होता आणि साडीचा पदर होता.

पदराचं आधी सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. पदर डाव्या खांद्यावर. पर्सही डाव्या खांद्यावर घेतली तर पट्ट्याखाली पदराच्या निऱ्या चुरगळतात आणि पर्स काढताना पिन ओढली जाऊन ब्लाउज फाटतो. उजव्या खांद्यावर घ्यावी तर गुळगुळीत ब्लाउजवरून पट्टा घसरत राहतो आणि एक हात कायम तो सावरण्यात जातो. तिरका पट्टा घातला की पदर गोळा होऊन मधोमध येतो. परदेशी मासिकांतल्या पर्स या कोटाच्या खांद्यासाठी बनलेल्या असतात, हे मला असं कळलं. कोको शनेलने फेब्रुवारी १९५५मध्ये खांद्याला अडकवायची साखळीची पर्स आणली, तीच पुढे २.५५ या नावाने गाजली. बाईचे हात मोकळे राहावेत हा तिचा हेतू. हेतू उत्तम, पण नायलॉनच्या साडीवर ती साखळी दोन मिनिटं टिकली नसती. शेवटी मला मानवले ते आखूड, रुंद, आतून खरखरीत पट्टे. पर्स काखेत घट्ट बसते आणि गर्दीत पुढे ओढून पोटाशी धरता येते. आजही दुकानात पर्स हातात आली की मी आधी पट्टा उलटा करून बघते, रंग नंतर.

रंगाचा छळ वेगळा होता. त्या काळाला मॅचिंगची बाधा झाली होती. दादरला नाहीतर पुण्यात लक्ष्मी रोडला मॅचिंग सेंटरमध्ये साडीचा काठ हातात धरून बायका तासतास उभ्या असत. आमसुली आणि डाळिंबी यांतला फरक तिथला विक्रेता ट्यूबलाइटखाली नाही, दारात उन्हात नेऊन दाखवायचा. ब्लाउज, परकर, बांगड्या, टिकली, मग चपला आणि शेवटी पर्स. लग्नाला मोरपंखी शालू तर मोरपंखी पर्स, त्यावर जरीची वेल. तसली सॅटिनची पर्स एका लग्नापुरती. दुसऱ्या साडीवर ती चालत नाही आणि त्या साडीवर फोटोत आधीच आलेली असते. पुढे दोन हजारच्या दशकात वर्तमानपत्रांनी नवरात्राच्या नऊ रंगांची टूम काढली आणि अख्खा लेडीज डबा रोज एका रंगात न्हाऊ लागला. मला तो प्रकार आवडायचा, अजूनही आवडतो. घामाच्या गर्दीत तेवढीच गंमत. पण राखाडी रंगाच्या दिवशी मैत्रिणी राखाडी पर्स शोधत फिरू लागल्या, तेव्हा मी त्यातून अंग काढून घेतलं. नऊही दिवस एकच विटकरी पर्स. पोपटीवर विटकरी, जांभळ्यावर विटकरी, पिवळ्यावर तर फारच छान. सहाव्या दिवशी एकीने विचारलं, ‘तुझी ही ठरवून केलेली स्टाइल आहे का गं?’ तोवर नव्हती. तिने विचारल्यावर झाली.

ती विटकरी पर्स नव्वदच्या दशकातली, दिवाळीच्या बोनसमधून घेतलेली. त्या दशकात बाजार बदलत होता. हस्तकलेच्या प्रदर्शनांत शांतिनिकेतनच्या पर्स यायच्या, चामड्यावर ठसे उठवून हाताने रंगवलेल्या, लाल-हिरव्या-काळ्या नक्षीच्या. कच्छी भरतकामाच्या, आरशांच्या झोळ्या यायच्या. त्यांतला एकेक आरसा निखळत गेला की मागे नुसती टाक्यांची वर्तुळं राहायची. नीना लेखी यांनी मुंबईत साध्या कॅनव्हासच्या पिशव्यांपासून सुरू केलेलं बॅगइट कॉलेजच्या मुलींच्या खांद्यांवर दिसू लागलं होतं. त्यात चामडं वापरत नाहीत, म्हणून जैन-गुजराती मैत्रिणींची त्यावर विशेष मर्जी. आणि पुदुच्चेरीचं हायडिझाइन होतं. दिलीप कपूर यांनी १९७८मध्ये छोट्याशा कारखान्यात सुरू केलेलं काम. त्यांचं नाव आधी परदेशात झालं. झाडांच्या सालींतल्या आणि बियांतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं, पितळी कड्या-बक्कल. किंमत ऐकून मी दोनदा दुकानाबाहेर आले आणि तिसऱ्यांदा पैसे मोजले. घरी खरी किंमत सांगितली नाही. ही प्रथा आमच्या पिढीत सार्वत्रिक होती.

आता पाऊस. पर्सचा संग्रह करावा तो कोरड्या हवेच्या देशात, हे माझं ठाम मत आहे. जून ते सप्टेंबर इथल्या बंद कपाटात काय चालतं, ते ऑक्टोबरात कपाट उघडलं की कळतं. चामड्यावर पांढरी बुरशी, पितळेवर हिरवा थर. पण सर्वांत मोठा दगा नकली चामड्याचा. दोन हजारनंतर मॉल आले आणि पीयूच्या पर्स आल्या. दिसायला देखण्या, वजनाला हलक्या, सेलमध्ये अर्ध्या किमतीत. त्यांतली एक, मोतिया रंगाची, मी ‘चांगल्या प्रसंगाला’ म्हणून मलमलीच्या पिशवीत गुंडाळून ठेवली. दोन पावसाळ्यांनी काढली तर हाताला पापुद्रे लागले, आणि मोतिया रंग माझ्या काळ्या परकरावर सांडला. कापडावर चढवलेला तो पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो. वापरा, नाहीतर जपून ठेवा, तो सुटायचाच. हवा न लागता कपाटात कोंडलेला असला तर आणखी लवकर. चामड्याचं उलट आहे. ते हाताळलं, वाऱ्यावर राहिलं, अधूनमधून तेलाचा हात फिरला, की बुरशीला थारा मिळत नाही. म्हणजे जी पर्स मी जपली ती गेली आणि जी रोज रगडली ती राहिली.

२६ जुलै २००५ला ती विटकरी पर्स माझ्याबरोबर होती. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आमची गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. रुळांवरून उतरून, छातीभर पाण्यातून, पर्स डोक्यावर धरून चालले. डोक्यावरची पर्सही भिजलीच, पाऊस वरूनच येत होता. रात्र एका शाळेच्या वर्गात काढली आणि तिथे पर्स रिकामी करून तिच्यात फळ्याजवळ पडलेले जुने कागद कोंबले. घरी आल्यावर आठवडाभर सावलीत वाळवली. उन्हात ठेवली असती तर चामडं तडकलं असतं. नंतर थोडं तेल. वाळल्यावर ती एका बाजूने काळपट झाली. आधी वाईट वाटलं. मग ऑफिसात एका मुलीने ‘हा दुरंगी शेड कुठे मिळाला?’ असं विचारलं, तेव्हा मी ताठ मानेने ‘कुर्ल्याला’ असं सांगितलं.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल भराभर सांगण्यासारखंच आहे. फेन्डीने १९९७मध्ये काखेत मावणारी चिमुकली ‘बॅगेट’ आणली होती. तिच्या नकला फॅशन स्ट्रीट आणि लिंकिंग रोडवर आल्या. त्यांत डबा मावत नव्हता, त्यामुळे माझा प्रश्नच मिटला. मग लोगोंचं पीक आलं. मोठ्या अक्षरांचे, बहुतेक खोटे. नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर मॉलच्या आणि ऑफिसांच्या दारात पर्स उघडून दाखवणं रोजचं झालं, आणि बायकांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यांना अचानक शिस्त लागली. पहारेकऱ्यासमोर सेफ्टी पिना आणि अर्धं खाल्लेलं बिस्किट कोण दाखवणार! २०१८मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा सगळीकडे कापडी पिशव्यांचं कौतुक सुरू झालं. आमच्या पर्समध्ये ती घडी कधीपासून होती.

याच सुमारास खणाची लाट आली. गुळेदगुड्डचा खण, ज्याच्या चोळ्या आमच्या आज्या शिवायच्या, तो आता पर्स, पोटली, मोबाइल कव्हर होऊन हळदीकुंकवाच्या वाणात येऊ लागला. मला या लाटेबद्दल अर्धा आनंद आहे. खण सुंदरच. पण पर्सला खालून जो मार बसतो, लोकलच्या फरशीवर, हॉटेलच्या खुर्चीखाली, तो या नाजूक कापडाला सोसत नाही. तळाला आणि कोपऱ्यांना चामडं किंवा जाड कॅनव्हास लावल्याशिवाय खणाची पर्स हे प्रदर्शनातलं काम. आईच्या विरलेल्या इरकलीचे काठ काढून एका शिंपीणबाईंकडून मी तशी शिवून घेतली. तळ कॅनव्हासचा, बाजू काठाच्या. लोकांना ती आवडते, आणि ‘कुठल्या ब्रँडची?’ हा प्रश्न या एकाच पर्सबद्दल कुणी विचारत नाही.

निवृत्तीनंतर डबा गेला आणि त्याच्याबरोबर पर्सचं पोटही आत गेलं. पैसे मोबाइलमध्ये, तिकीट मोबाइलमध्ये. साड्याही कमी झाल्या, कुडते वाढले. त्यांच्यावर तिरका पट्टा गुमान बसतो. पण मोठ्या पर्स मी दिल्या नाहीत. दर रविवारी संध्याकाळी पर्स बदलते. सगळं पलंगावर ओतायचं, जुनी अस्तर बाहेर काढून झटकायची, दुसरीत भरायचं. या खटाटोपात एकही पर्स सलग दोन महिने कपाटात कोंडून राहत नाही. सून म्हणते, ‘आई, त्यांना फिरायला नेता तुम्ही.’ तिला चेष्टा करायची असते. पण पावसाळ्यात मी नेमकं तेच करत असते.

२०२५ साली दोन बातम्या वाचल्या आणि दोन्ही कापून ठेवल्या. जुलैत पॅरिसला जेन बर्किनची मूळ पर्स सोदबीजच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. एर्मेसने १९८४च्या सुमारास तिच्यासाठीच घडवलेली, जिच्यावरून पुढे ‘बर्किन’ हा सगळा डामडौल उभा राहिला. अलीकडे श्रीमंत घरांत बर्किन काचेच्या कपाटात ठेवतात. जेनने मात्र ती ठासून भरली, तिच्यावर स्टिकर चिकटवले आणि पट्ट्याला नेलकटर लटकवून ठेवलं. लिलावात गेली ती तशीच, ओरखड्यांसकट आणि स्टिकरांच्या खुणांसकट. एवढे पैसे अर्थातच नावाचे, ओरखड्यांचे नव्हेत. तरी ती बातमी मी सुनेला मोठ्याने वाचून दाखवली.

दुसरी बातमी आपल्या घरची. त्याआधीच्याच महिन्यात प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. ओरड झाली, मग त्यांना ते घ्यावं लागलं. कोल्हापुरीला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे. त्या गदारोळात माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. ते चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, आणि माझ्या विटकरी पर्सच्या चामड्याची रीतही हीच, वनस्पतींनी कमावण्याची. मग त्या चामड्याची पर्स का नको?

कोल्हापूरला गेले, चपला करणाऱ्या एका कारागिराला गाठलं आणि कागदावर चित्र काढून दिलं. पट्टा आखूड, रुंद, आतून खरखरीत. बाहेर मोबाइलचा एक कप्पा, आत एकच चोरकप्पा. अस्तर नको, कारण फाटतं ते आधी अस्तर. तळाला दुहेरी चामडं आणि शिवण हाताची. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं.

‘ताई, रंग कंचा देऊ?’

‘रंग नका देऊ. तसंच राहू द्या.’

‘मग डाग दिसत्याल.’

‘दिसू द्या.’

गणपतीच्या आधी मिळेल का, असं विचारलं तर त्याने मान हलवली. पावसात चामडं नीट वाळत नाही, घाई केली तर शिवण पुढे ताणते, म्हणाला. दसऱ्याला बोलावलंय. निम्मे पैसे आगाऊ दिले, आणि घरी विचारलं तेव्हा या वेळी किंमत खरी सांगितली.