असईचा उतार

जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ च्या दुपारी त्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा पसरल्या होत्या. शंभराच्या आसपास तोफा आणि पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्यानं शिकवून तयार केलेल्या कवायती पलटणी होत्या. त्यामागं घोडदळाचा समुद्र होता. केळणेच्या अलीकडच्या अंगाला ३४ वर्षांचा एक इंग्रज जनरल सुमारे सात हजार माणसं घेऊन उभा होता. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं होतं. बगलेकडून उतार आहे का, असं त्यानं वाटाड्यांना विचारलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

त्यानं दुर्बीण लावली. नदीच्या दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर दिसत होती. त्याच्या मनानं घेतलं की, इतक्या जवळ गावं वसली आहेत, म्हणजे त्यांची एकमेकांकडे ये-जा असणारच. ज्यांच्या लेकी पलीकडच्या गावात दिल्या आहेत, ज्यांचा बाजार अलीकडच्या गावात भरतो, ती माणसं पोहत जात नसतील. माणूस पाठवून पाहिलं, तर खरोखरच उतार निघाला. फौज तिथून पार झाली आणि संध्याकाळपर्यंत मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

हा जनरल आर्थर वेलस्ली. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगाला माहीत झाला, आणि १८२८ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो सुर्जी-अंजनगावच्या तहापाशी अदृश्य होतो. मला मात्र त्याच्या पुढच्या आयुष्याचं फार कुतूहल वाटत आलं आहे. ज्या माणसानं आपल्या मुलखात हा उतार नजरेनं हेरला, त्याला पुढे राज्यकारभारात एकदा तसाच उतार सापडला आणि एकदा डोळ्यांसमोर असून दिसला नाही. त्याची सगळी राजकीय कारकीर्द या दोन प्रसंगांत आहे, असं मला वाटतं.

वेलस्लीचा जन्म १७६९ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. घराणं प्रॉटेस्टंट सरदारांचं, भोवतालची रयत कॅथलिक. हे लक्षात ठेवायला हवं, कारण साठ वर्षांनी हाच प्रश्न त्याच्या दारात येऊन उभा राहिला. लहानपणी तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. हा मुलगा काय करणार, ही आईला पडलेली काळजी. ईटनच्या शाळेत चमकला नाही. नाद एकच, व्हायोलिनचा, आणि वाजवायचाही चांगलं. किटी पाकनम नावाच्या मुलीला मागणी घातली, तर तिच्या घरच्यांनी कर्जबाजारी धाकट्या मुलाला मुलगी द्यायची नाही म्हणून नकार दिला. त्यानंतर त्यानं आपली व्हायोलिनं जाळून टाकली आणि पुन्हा कधी वाद्याला हात लावला नाही. १७९७ मध्ये तो आपली पलटण घेऊन कलकत्त्याला उतरला. पुढच्या वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि धाकट्याच्या वाटेतले बरेच काटे दूर झाले.

तरी पहिला धडा मिळाला तो फजितीतून. १७९९ च्या एप्रिलमध्ये श्रीरंगपट्टणबाहेर सुलतानपेठच्या आमराईवर त्यानं रात्री हल्ला केला. जागा आधी पाहिलेली नव्हती. झाडी, पाटाचे कालवे आणि मिट्ट काळोख यांत पलटण भरकटली, माणसं शत्रूच्या हाती सापडली, तो स्वतः गुडघ्याला मार खाऊन परतला. न पाहिलेल्या जागेवर रात्री चाल करायची नाही, हा नियम त्यानं तिथं स्वतःला घालून घेतला. असईला दुर्बीण लावणारा माणूस त्या आमराईत घडला.

दुसरं शिक्षण बैलांनी दिलं. त्याचा त्या काळातला पत्रव्यवहार वाचावा, तर सेनापतीपेक्षा एखाद्या व्यापाऱ्याची वही वाचतोय असं वाटतं. तांदूळ किती, बैल किती, त्यांना चारा कुठं मिळणार, नदी चढली तर वेताच्या, कातड्यानं मढवलेल्या होड्या किती लागतील. लमाणांचे तांडे धान्य वेळेवर पोचवतात की नाही, यावर त्याचा डोळा असे. त्याचं गणित सरळ होतं. तांदूळ आणि बैल असले की माणसं टिकतात, आणि माणसं टिकली की लढाई जिंकता येते. दख्खनच्या काळ्या मातीत, ऐन पावसाळ्यात, गाड्यांची चाकं रुतताना हे गणित पक्कं झालं.

माणूस म्हणून तो कसा होता? १८०० मध्ये त्यानं बंडखोर धोंडिया वाघाचा पाठलाग करून त्याला मारलं. मागं राहिलेल्या सामानसुमानात धोंडियाचा चार वर्षांचा मुलगा सापडला, सलाबत खान. वेलस्लीनं त्याला स्वतःच्या तंबूत आणलं, त्याची सोय लावली, आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे ठेवून गेला.

१८०३ च्या मोहिमेत ८ ऑगस्टला त्यानं नगरची पेठ शिड्या लावून घेतली. पेशव्यांतर्फे इंग्रजांच्या छावणीत असलेले गोखले सरदार त्यावर थक्क झाले होते. हे लोक सकाळी आले, तटाकडे पाहिलं, तटावरून चालत आत गेले आणि न्याहारीला परत आले, अशा आशयाचं त्यांचं बोलणं इंग्रजांनी टिपून ठेवलं आहे. चार दिवसांत किल्लाही पडला. मग असई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड आणि वर्ष संपता संपता सुर्जी-अंजनगाव.

पण असई त्याला सोपी गेली नाही, हे आपण अभिमानानं सांगायला हवं. उतार सापडला, तरी पोलमनच्या पलटणींनी कवायतीच्या मैदानावर असावं तसं तोंड फिरवून नवी फळी धरली. शिंद्यांच्या गोलंदाजांवरून इंग्रजांची रांग पुढे निघून गेली, तेव्हा मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा पाठमोऱ्या शत्रूवर फिरवल्या. वेलस्लीचा एक घोडा गोळीनं गेला, दुसऱ्याला भाला लागला. त्याची ४२८ माणसं ठार आणि अकराशेवर जखमी झाली. एवढ्याशा फौजेत हा आकडा भयंकर होता. त्या रात्री तो गुडघ्यांत डोकं घालून बराच वेळ नुसता बसून होता, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं आहे. पुढे म्हातारपणी, तुमची सगळ्यात सरस लढाई कोणती, असं कुणी विचारलं की वॉटर्लूऐवजी तो असईचं नाव घेई.

त्यानंतरचं युद्धजीवन युरोपात गेलं, आणि त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. नेपोलियन त्याला शिपायांचा सेनापती म्हणून हिणवायचा. त्याच्या मते हिंदुस्थानात मिळवलेल्या विजयाला किंमत नव्हती. मला त्यातलं एकच प्रकरण महत्त्वाचं वाटतं. १८१० मध्ये फ्रेंच सेनापती मासेना पोर्तुगालवर चालून आला, तेव्हा वेलिंग्टन माघार घेत लिस्बनपर्यंत आला. लोक चिडले, लंडनमध्ये टीका झाली. पण वर्षभर आधीपासून त्यानं टोरेस वेड्रासच्या डोंगरांवर गढ्यांच्या रांगा गुपचूप बांधून घेतल्या होत्या. मासेना त्या रांगांसमोर आला आणि थबकला. भोवतालचा मुलूख आधीच रिकामा केलेला. फ्रेंच फौज उपाशी राहिली आणि वसंतात मागं फिरली. वेळेवर मागं सरण्यात कमीपणा नाही, हे या माणसाला ठाऊक होतं.

जानेवारी १८२८ मध्ये राजा चौथा जॉर्ज यानं त्याला मंत्रिमंडळ बनवायला सांगितलं. वय ५८. आज्ञा द्यायची सवय जडलेल्या माणसाला मंत्र्यांची चर्चा जड जाई. आपण हुकूम दिले आणि हे लोक बसून त्यावर बोलत राहिले, अशी त्याची पहिल्या बैठकीनंतरची तक्रार सांगितली जाते. तो कट्टर जुन्या मताचा होता. कॅथलिकांना पार्लमेंटात बसू द्यायचं नाही, ही त्याच्या पक्षाची भूमिका होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये आयर्लंडच्या क्लेअर मतदारसंघात डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक वकील निवडून आला. कॅथलिकांना मत देता येत होतं, पण सभागृहात बसायचं तर त्यांच्या धर्माविरुद्ध शपथ घ्यावी लागे. म्हणजे लोकांनी निवडलेला माणूस दाराबाहेर, आणि त्याच्यामागं अख्खा देश खवळलेला. वेलिंग्टनला आयर्लंड माहीत होतं. तिथं तो जन्मला होता, तिथलं राज्य त्यानं सचिव म्हणून हाकलं होतं, आणि त्याच्या पलटणींत आयरिश कॅथलिक हजारोंनी लढले होते. इथं हट्ट धरला, तर यादवी होणार हे त्याला स्वच्छ दिसलं. कायदा बदलायचा, असं त्यानं ठरवलं. आयुष्यातला बराच काळ आपण युद्धात घालवला आहे, आणि एक महिन्याची यादवी टळणार असेल तर आपण त्यासाठी जीवही देऊ, असं त्यानं उमराव सभेला सांगितलं.

राजा ऐकेना. रडला, ओरडला, राज्य सोडून जायची भाषा केली. ४ मार्च १८२९ ला विंडसरला तासन् तास चाललेल्या बैठकीनंतर वेलिंग्टन आणि त्याचे सहकारी राजीनामे देऊन बाहेर पडले. दुसरं मंत्रिमंडळ बनवणं शक्य नाही, हे राजाला त्याच रात्री कळलं आणि संमतीची चिठ्ठी आली.

मग ते द्वंद्वयुद्ध. लॉर्ड विंचिल्सी यानं छापील पत्रातून पंतप्रधानावर आरोप केला की, हा आतून कॅथलिकांना राज्यात घुसवतो आहे. वेलिंग्टननं त्याला माफी मागायला सांगितलं, त्यानं ती मागितली नाही, तेव्हा वेलिंग्टननं आव्हान दिलं. २१ मार्चच्या सकाळी बॅटर्सीच्या माळावर दोघं आले. वेलिंग्टनच्या सोबतीला सर हेन्री हार्डिंज होता, जो पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. त्याचा एक हात नेपोलियनविरुद्धच्या मोहिमेत गेलेला. एका हातानं पिस्तूल भरणार कसं? ते काम डॉक्टर ह्यूमवर आलं. कुणासाठी आपल्याला बोलावलं आहे, याचा त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. घोड्यावरून पंतप्रधान आलेला पाहून तो चाट पडला. विंचिल्सीला चराच्या काठाशी उभं केलेलं पाहून वेलिंग्टन ओरडला की, त्याला तिथून हलवा, गोळी लागली तर चरात पडेल. त्याची गोळी लागली नाही. विंचिल्सीनं हवेत बार काढला आणि खिशातून लेखी माफी काढली. तीत माफी हा शब्दच नव्हता. तो घातल्याशिवाय वेलिंग्टन जायला तयार होईना. शब्द घातला गेला, त्यानं टोपीला हात लावला आणि घोड्यावर बसून निघून गेला.

१३ एप्रिलला कायद्यावर राजाची सही झाली. आयर्लंडमधल्या गरीब मतदारांचा मताचा हक्क त्याच सुमारास काढून घेतला गेला, हा त्या सौद्याचा काळा भाग. तरीही स्वतःच्या पक्षाचा आणि राजाचा रोष पत्करून वेलिंग्टन पार झाला, आणि आयर्लंडमध्ये तेव्हा रक्त सांडलं नाही.

दुसरा प्रसंग लगेच पुढच्या वर्षीचा. १५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं उद्घाटन होतं. पंतप्रधानाची गाडी वाटेत पाण्यासाठी थांबली, तेव्हा त्याच्याशी बिनसलेला जुना सहकारी विल्यम हस्किसन समेट करायला रुळांवरून चालत आला. दोघांनी हात मिळवले, एवढ्यात दुसऱ्या रुळावरून रॉकेट हे इंजिन आलं. हस्किसनचा पाय चिरडला आणि रात्री तो गेला. परत फिरावं, असं वेलिंग्टनला वाटत होतं, पण पुढे जाणं भाग पडलं. मँचेस्टरमध्ये गिरणी कामगारांच्या गर्दीनं त्याचं स्वागत आरोळ्यांनी आणि दगडांनी केलं. लाखाच्या वर वस्तीच्या या शहराला पार्लमेंटात एकही प्रतिनिधी नव्हता. उलट ओल्ड सॅरम या ओसाड टेकडीला दोन खासदार होते.

इथं वेलिंग्टनची दुर्बीण खाली राहिली. आयर्लंडची माणसं त्याच्या ओळखीची होती, मँचेस्टरची नव्हती. त्या गर्दीत त्याला फक्त पॅरिसची क्रांती दिसली. २ नोव्हेंबरला त्यानं उमराव सभेत सांगून टाकलं की, आहे ही निवडणूक पद्धत इतकी चांगली आहे की, नव्यानं घडवायला बसलो तरी मला याहून चांगली सुचणार नाही, आणि मी असेपर्यंत सुधारणा होऊ देणार नाही. सभागृहात कुजबुज सुरू झाली. खाली बसल्यावर त्यानं शेजारच्या लॉर्ड अॅबरडीनला विचारलं, मी काही जास्त बोललो का? दोन आठवड्यांत सरकार पडलं.

पुढच्या एप्रिलमध्ये किटी वारली. मोठेपणी, नावलौकिक मिळवल्यावर, त्यानं तिच्याशीच लग्न केलं होतं. तो संसार सुखाचा झाला नाही, दोघं एकमेकांपासून दूरच राहिले. शेवटच्या आजारपणात तो तिच्या उशाशी बसे. एकदा तिनं त्याच्या बाहीत हात घालून चाचपून पाहिलं. तिनं पूर्वी दिलेला ताईत दंडावर आहे का? होता. वीस वर्षांत कधीही पाहिला असता तरी सापडला असता, असं तो नंतर म्हणाला. तिचं शव घरात असतानाच, २७ एप्रिल १८३१ ला, सुधारणेसाठी पेटलेल्या जमावानं त्याच्या घराच्या खिडक्या फोडल्या. मग त्यानं खिडक्यांना लोखंडी झडपा बसवून घेतल्या. १८३२ मध्ये विधेयक अडवायला त्यानं पुन्हा मंत्रिमंडळ जमवून पाहिलं, ते जमलं नाही. शेवटी तो आणि त्याचे साथीदार मतदानाला गेलेच नाहीत, आणि सुधारणा कायदा झाला. १८३४ च्या हिवाळ्यात, नवा पंतप्रधान व्हायला रॉबर्ट पील इटलीहून येईपर्यंत, तीन आठवडे तो पुन्हा पंतप्रधान होता. जवळजवळ सगळी खाती एकट्याकडे घेऊन तो या कचेरीतून त्या कचेरीत हिंडत होता.

१८४६ मध्ये पीलनं परदेशी धान्यावरचा कर काढायचं ठरवलं. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं होतं, माणसं उपाशी मरत होती. कर काढणं वेलिंग्टनला स्वतःला पसंत नव्हतं. तरी त्यानं जमीनदार उमरावांना समजावून, दटावून ते विधेयक त्यांच्या सभेतून पार नेलं. वय ७७. कान अधू झालेले. पहाटे तो सभागृहातून बाहेर आला, तेव्हा कामावर निघालेली माणसं दाराशी जमली होती. कधीकाळी त्याच्या खिडक्या फोडणाऱ्या लंडनच्या या लोकांनी त्याला दुवा दिला, जयजयकार केला. तो गर्दीतून वाट काढत म्हणाला, देवाशपथ लोकहो, मला माझ्या घोड्यावर बसू द्या.