जिन्याखालची लुना

मी मराठी शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध म्हणाल तर पंख्याचे बटण दाबणे, आणि पंखा फिरला नाही तर वायरमनला बोलावणे, एवढाच. असे असूनही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एकोणीस वर्षे बंद पडलेली लुना घरच्या घरी चालू झाली. ही हकीकत मी सांगू लागलो की कॉलेजातले सहकारी आधी हसतात आणि मग विचारतात, "चालू केली कुणी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे उत्तर द्यावे म्हणूनच हा लेखनप्रपंच.

लुना म्हणजे काय, हे चाळिशीपुढच्या वाचकांना सांगायला नको. तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. पुण्याच्या किनेटिक इंजिनियरिंगने १९७२ साली ही छोटी गाडी बाजारात आणली. इटलीतल्या पियाजिओ कंपनीची 'चाओ' नावाची गाडी होती, तिच्या धर्तीवर ही बांधलेली. इंजिन अवघे ५० सी.सी.चे, गियर नाहीत, आणि सायकलीसारखी दोन पेडले. वाटेत पेट्रोल संपले तर पेडले मारीत घर गाठावे. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या त्या दिवसांत कारकून, शिक्षिका, विमा-एजंट आणि दूधवाले यांना या गाडीने पाय दिले. इटालियन भाषेत लुना म्हणजे चंद्र. आमच्या घरी हा चंद्र १९८३ साली उगवला.

गाडी आईची. ती शाळेत शिकवीत असे. कोथरूडहून निघायचे, कर्वे रस्त्याने डेक्कन, मग लकडी पूल ओलांडून पेठेतली शाळा. पदराचे टोक कमरेला घट्ट खोचलेले, पुढे तपासायच्या वह्यांची पिशवी, आणि मागे कॅरियरवर मी. २००६ साली तिने गाडी चालवणे थांबवले आणि लुना जिन्याखाली गेली. पुढे तिच्यावर जुने पडदे आले, मग रद्दी आली, मग मुलीची लहानपणची तीनचाकी आली. गाडी दिसेनाशी झाली.

यंदा आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला. दसऱ्यापूर्वी जिन्याखालची अडगळ हलवावी, अशी सूचना फळ्यावर लागली. भंगारवाल्याने लुनेकडे पाहिले आणि बाराशे रुपये सांगितले. मी 'हो' म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "चालू होईल का रे ती?"

आईने स्वतःसाठी काही मागितल्याचे मला फारसे आठवत नाही. मी म्हटले, "होईल की! न व्हायला काय झाले? बाबांचा हातगुण थोडा तरी माझ्यात उतरला असेल."

या बोलण्यामागे एक इतिहास आहे. माझे वडील २००८ साली गेले. पुढच्या वर्षी कॉलेजच्या वार्षिकात मी त्यांच्यावर एक लेख लिहिला. रविवारी सकाळी जिन्यापाशी उघडलेली लुना, शेजारी वडील, आणि तेलाने काळे झालेले त्यांचे हात, असे चित्र मी त्यात रंगवले होते. लेख पुष्कळांना आवडला. एकदोघांनी डोळे पुसल्याचे कळवले. आईनेही तो वाचला, लाल पेनाने त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि अंक कपाटात ठेवून दिला.

तर पहिल्या दिवशी मी लुना अंगणात काढली, स्टँडवर उभी केली आणि त्वेषाने पेडल मारायला सज्ज झालो. एवढ्यात वरून, गॅलरीतून, आवाज आला, "अरे, पेडल मारू नकोस! आधी प्लग काढ!"

बहात्तरी ओलांडलेली आई कठडा धरीत खाली आली. तिच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. डब्यात प्लग काढायचा पाना, पॉलिश पेपरचे तुकडे, अंतर मोजायच्या पोलादी पट्ट्या आणि एक चाळीस पानी वही. सगळे तेलकट फडक्यात नीट गुंडाळलेले.

"बाबांची हत्यारे इतकी वर्षे जपलीस?" मी विचारले.

"बाबांची कुठली! माझी आहेत," आई म्हणाली. "तुझे बाबा खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे."

मी वही उघडली. अक्षर आईचे होते. 'प्लग साफ केला.' 'पॉइंट घासले.' 'सायलेन्सर जाळला, कार्बन काढला.' 'मागची केबल बदलली, नाना पेठ.' प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि खर्च. तेवीस वर्षांची ही वही, आणि वडिलांचे अक्षर एकाही पानावर नाही.

घडले होते ते असे. गाडी घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात ती तीनदा वाटेत बंद पडली. तिन्ही वेळा गॅरेजवाल्याने प्लग काढला, घासला, लावला आणि पैसे घेतले. चौथ्या वेळी आई त्याला म्हणाली, "पैसे घ्या, पण मला शिकवा." त्याने शिकवले. मात्र त्या काळी शाळेतल्या बाई अंगणात बसून इंजिन उघडतात, हे चारचौघांत दिसणे बरे नव्हते. म्हणून रविवारी पहाटे, आम्ही उठायच्या आत, ती काम उरकून घेई. वडील सोबतीला बसत, पाने हातात देत, आणि शेवटी गाडी जिन्याखाली ढकलून ठेवीत. मी डोळे चोळीत खाली येई तेव्हा ते हात धूत असत. मी पाहिलेले काळे हात खोटे नव्हते. त्यांचा अर्थ मात्र मी माझ्या मनाने लावला होता.

"मग तो लेख वाचलास तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुला त्या वेळी त्याची गरज होती," ती म्हणाली. "पाना उलटा धरला आहेस तू."

त्यापुढचे आठ दिवस मी विद्यार्थी झालो. आई स्टुलावर बसून सांगे आणि मी करी. बंद गाडी बिघडते ती चालून नव्हे, उभी राहून, हा पहिला धडा. इंजिनात दट्ट्या असतो. तो वर्षानुवर्षे एकाच जागी राहिला की त्याच्या कड्या गंजाने सिलिंडरला धरून बसतात. अशा वेळी जोर केला तर सिलिंडरला चरे पडतात. म्हणून प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडायचे आणि रात्रभर थांबायचे. दुसऱ्या दिवशी मॅग्नेटचे चाक हाताने हळूच हलवले. आधी ते रुसले, मग तसूभर फिरले, मग पुरे फिरले. आई म्हणाली, "जीव आहे."

टाकीत जुने पेट्रोल वाळून काकवीसारखा थर बसला होता आणि कडेने गंज होता. टाकी सोडवून आधी तो चिकट थर धुऊन काढला, मग तिच्यात व्हिनेगर आणि मूठभर लहान नट घालून दोन दिवस अधूनमधून खळखळवली. स्वयंपाकघरातले व्हिनेगर संपल्याचे आमच्या सौ.च्या ध्यानात आले, पण सासूबाईंचा हुकूम म्हटल्यावर ती काही बोलली नाही. मग टाकी सोड्याच्या पाण्याने विसळली, म्हणजे उरलेली आंबट धार मरते, आणि उन्हात खडखडीत वाळवली. रबरी नळी नवी आणली. आताच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतली ओल शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही.

खरी परीक्षा कार्बोरेटरची. त्यात पितळेचा जेट नावाचा एक इवलासा स्क्रू असतो. त्याच्या भोकातून पेट्रोल येते आणि हवेत मिसळते. ते भोक बुजले होते. मी टाचणी उचलली, तशी आईने माझा हात धरला. "स्टोव्हची पिन घालून मी एकदा हेच केले होते. भोक मोठे झाले आणि महिनाभर गाडी पेट्रोल पीत होती." मग वायरीतली तांब्याची एक बारीक तार काढली. तांबे पितळेपेक्षा मऊ, त्यामुळे भोकाला इजा होत नाही. जेट उजेडाकडे धरला, तेव्हा पलीकडे सुईच्या अग्राएवढे आकाश दिसले.

आता ठिणगी. लुनेला बॅटरीची गरज नसते. चाकाबरोबर लोहचुंबक फिरतो, त्यामुळे आतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते, आणि पॉइंट नावाचे दोन धातूचे ओठ नेमक्या क्षणी उघडले की प्लगमध्ये ठिणगी उडते. अकरावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने हे ओळखले आणि आजीला फॅराडेचा नियम सांगितला. आजी म्हणाली, "असेल. पण पॉइंट आधी घास." चाकाच्या खिडकीतून पॉलिश पेपर सारून ओठांवरची काजळी काढली, पोलादी पट्टीने अंतर बसवले, आणि अंधाऱ्या जिन्याखाली प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून मुलीने पेडल मारले. टाकी तोवर लांबच ठेवली होती. बारीक निळी ठिणगी उडाली. आम्ही तिघेही एकदम ओरडलो.

सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. ते तारेने उकरून काढले. शेजाऱ्याच्या स्कूटरमधून अर्धा लिटर पेट्रोल मागून आणले. या इंजिनाला वंगण वेगळे मिळत नाही, ते पेट्रोलातच मिसळावे लागते. लिटरला चाळीस मिलिलिटर, म्हणजे आमच्या अर्ध्या लिटरला वीस. ते खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजले.

रविवारी सकाळी, आणि या वेळी चांगले उजाडल्यावर, सगळ्या सोसायटीसमोर गाडी स्टँडवर चढवली. चोक ओढला. मुलीने पेडले मारली. काही नाही. पुन्हा मारली. एक उचकी. तिसऱ्यांदा निळ्या धुराचा लोट उठला आणि त्यातून तो आवाज आला, जो ऐकून मी लहानपणी शाळेचे दप्तर उचलीत असे. जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझी पाठ थोपटली, "वा प्राध्यापक! वडिलांचा हात आहे!"

मी आईकडे पाहिले. ती मान तिरपी करून इंजिन ऐकत होती. मी मोठ्याने म्हटले, "वडिलांचा नव्हे, आईचा. तेवीस वर्षे ही गाडी हिनेच उघडली आणि हिनेच जोडली." क्षणभर सगळे गप्प झाले. मग तळमजल्यावरच्या, आईच्याच वयाच्या काकू म्हणाल्या, "मला ठाऊक होते. पहाटे दूध घ्यायला उठायचे तेव्हा दिसायची. मलाही शिकायचे होते, पण विचारायचा धीर झाला नाही."

लुना भंगारात गेली नाही. रस्त्यावर आणायची तर नोंदणीचे नूतनीकरण, विमा, प्रदूषणाचा दाखला आणि नवे टायर हवेत. ते यथावकाश करू. तूर्त ती माझ्या एका मित्राच्या बंगल्यात आहे आणि पंधरा दिवसांनी एकदा मुलगी ती चालू करून येते. वहीतल्या नोंदी आता तिच्या अक्षरात पुढे सुरू झाल्या आहेत. २०२४ साली लुना विजेवर चालणाऱ्या रूपात पुन्हा बाजारात आली. मुलीने आजीला तिचे चित्र दाखवले. आजीने विचारले, "हिचा प्लग कुठे असतो?" प्लगच नसतो, हे ऐकून ती जराशी हिरमुसली.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी आईला वाचायला दिला. सोळा वर्षांपूर्वीची चूक या लेखाने दुरुस्त होते का, हे मला तिच्याकडून ऐकायचे होते. तिने चष्मा लावला, लाल पेन काढले, दोन ठिकाणी ऱ्हस्वाचे दीर्घ केले आणि कागद परत दिले. पॉइंटच्या परिच्छेदाशेजारी समासात बारीक अक्षरात लिहिले होते :

'अंतर ०.४ मि.मी. आकडा लिहायचा राहिला आहे. लोक चुकतील.'