पित्ताशयाचा जुनाट दाह आणि किनाऱ्यावरचे जेवण

मराठीत छातीत जळजळ झाली तरी ‘पित्त’ झाले म्हणतात, अंगावर गांधी उठल्या तरी ‘पित्त’ उठले म्हणतात, आणि आयुर्वेदातील तीन दोषांपैकी एकाचे नावही तेच असल्यामुळे पित्ताशयाच्या दुखण्याविषयीचा पहिला गैरसमज शब्दातूनच जन्माला येतो. छातीत जळजळ करते ते जठरातील आम्ल होय. पित्तरस मात्र यकृतात दररोज साधारण अर्धा ते एक लिटर तयार होणारा, चरबी पचवण्यास साहाय्य करणारा निराळाच द्रव असून, पित्ताशय ही तो साठवून घट्ट करणारी, जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावणारी पिशवी आहे. जेवणातील स्निग्धांश लहान आतड्यात पोहोचला की तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे निरोप पोहोचवणारे द्रव्य, स्रवते आणि त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते. या संप्रेरकाचा शोध आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ साली लावला. पिशवीत खडे असतील तर या आकुंचनाच्या वेळी एखादा खडा तोंडाशी अडकून उजव्या बरगडीखाली कळ येते, ती कधी उजव्या खांद्यापर्यंत जाते, आणि असे वारंवार घडून पिशवीची भिंत जाड व निबर होते, तेव्हा त्यास जुनाट दाह म्हणतात. अशा कळेवर साय असलेले थंड दूध घेतल्यास त्यातील स्निग्धांशामुळे पित्ताशय पुन्हा आवळले जाते, हे ‘पित्तावर दूध चांगले’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गल्लत मुतखड्याशी होते. टोमॅटो, पालक आणि वांग्याच्या बिया वर्ज्य करण्याचा किंवा भरपूर पाणी पिऊन खडा ‘पाडण्याचा’ सल्ला मूत्रपिंडाच्या खड्यांवरून उचललेला आहे. पित्ताशयातील खडे बहुधा कोलेस्टेरॉलचे किंवा बिलिरुबिन या रंगद्रव्याचे असतात, आणि लघवीच्या मार्गाशी त्यांचा काहीच संबंध नसतो. तेल व लिंबाचा रस पिऊन शौचावाटे पडणारे हिरवट गोळे हेही खडे नव्हेत. न्यूझीलंडमधील तज्ज्ञांनी २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, प्यालेल्या तेलापासून आतड्यात तयार झालेला तो साबणच असतो. आहाराने खडे विरघळत नाहीत. आहाराने कळ टाळता येते आणि पोषण टिकवता येते, आणि तेवढे काम पुरेसे महत्त्वाचे आहे.

म्हणूनच तेल-तूप पूर्ण बंद करण्याचा आग्रह घातक ठरतो. स्निग्धांश अजिबात नसेल तर पित्ताशय रिकामे होत नाही, रस साचून अधिक घट्ट होतो, आणि अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. सोसेल त्याप्रमाणे दर जेवणात फोडणीपुरते, म्हणजे एक-दोन लहान चमचे, तेल ठेवणे आणि ते दिवसभरात विभागणे हाच शहाणपणा होय. कडक उपवास किंवा झपाट्याने वजन उतरवणे यांनीही खड्यांचा धोका वाढतो, आणि दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी शेंगदाण्याच्या कुटाची, तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी खाणे हा तर दोन्ही बाजूंनी मार आहे.

तलासरी तालुक्यातील झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाचे मासेमारीचे गाव; तेथील रुग्णाला ‘मासे सोडा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. ताज्या बोंबलाच्या अंगात बहुतांश पाणीच असते आणि चरबी फार थोडी. बाधते ती रव्यात घोळवून केलेली तळणी. तोच बोंबील चिंच घालून बेताच्या तेलाच्या कालवणात शिजवला, सोबत तांदळाची किंवा नागलीची भाकरी, तुरीचे वरण आणि एखादी पालेभाजी घेतली, तर उत्तम प्रथिने व तंतुमय अंश मिळतात. तारली, बांगडा हे तेलकट मासे मात्र थोडे व सोसल्यासच घ्यावेत. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकूही निषिद्ध नाही, कारण त्यात चरबी नगण्य आहे. मधुमेह असल्यास प्रमाण सांभाळावे.

‘हा चाळिशीतल्या स्थूल बायकांचा आजार’ ही समजूत या भागात विशेष हानी करते. पालघरच्या आदिवासी वस्तीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो; त्यात तांबड्या पेशी लवकर फुटून बिलिरुबिन वाढते व त्याचे काळे खडे कृश मुलांमध्येही होतात. त्यांच्या खाण्याला दोष देणे चूक तर आहेच, आणि अशा मुलाचे जेवण कमी करणे त्याहूनही वाईट.

शस्त्रक्रियेनंतर जन्मभर पथ्य लागते, ही भीतीही निराधार आहे. बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ साली पित्ताशय प्रथम काढले, आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली ते दुर्बिणीने काढून भारतात नवी वाट घातली. पिशवी गेली तरी यकृत रस बनवतच राहते, तो थेट आतड्यात उतरतो, आणि काही आठवड्यांत बहुतेकांना नेहमीचे जेवण सोसू लागते.

सर्वांत घातक गैरसमज काविळीचा आहे. खडा पित्तनलिकेत उतरून वाट अडली की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, आणि घरचे लोक कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव घेतात. पाला, माळ किंवा उसाचा रस यांपैकी कशानेही अडलेली नलिका मोकळी होत नाही. पिवळेपणाबरोबर थंडी-ताप आला किंवा कळ काही तासांतही थांबली नाही, तर रुग्णाला त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, तलासरीच्या किंवा डहाणूच्या सरकारी रुग्णालयात न्यावे.