रुग्णावर वाकलेली कंबर

दोन मणक्यांमधली गादी हा माणसाच्या शरीरातला रक्तवाहिन्यांशिवाय जगणारा सर्वांत मोठा भाग आहे. तिच्या पेशींचे पोषण वरखालच्या मणक्यांतून झिरपत येते. दिवसभराच्या भाराने गाद्यांतले पाणी थोडे थोडे बाहेर पडते आणि रात्री आपली उंची सकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी कमी भरते. झोपेत गाद्या पुन्हा फुगतात. जर्मन संशोधकांनी एका निरोगी माणसाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवला आणि १९९९ साली नोंदी प्रसिद्ध केल्या. उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल होता, पाठ वाकवून २० किलो उचलताना तो २.३ वर गेला!

कारण साधे आहे. कण्यामागचे स्नायू मणक्याच्या केंद्रापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवरून ओढतात. हातातले ओझे पन्नास सेंटिमीटर पुढे असेल, तर त्यांना दहापट जोर लावावा लागतो. नर्सिंगची विद्यार्थिनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर वळवते, तेव्हा नेमके हेच घडते. पलंगाची कड मध्ये येते आणि रुग्णाला अंगाशी घेता येत नाही.

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला ओझे उचलावे लागत नाही, पण त्याची तऱ्हा अधिक अवघड. वरच्या दाढेची मागची बाजू छोट्या आरशातच पाहायची असते. आरशात हालचाल उलटी दिसते, नवख्याचा हात चुकतो. मग तो आरसा सोडून स्वतःच वाकतो. मान खाली, धड एका बाजूला पिळलेले, एक पाय पेडलवर, आणि दाढ पोखरून होईपर्यंत हलायचे नाही.

कंबरदुखीने माणूस किती अडतो हे मोजायला इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री या गावाच्या नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. दहा विभाग, प्रत्येकी शून्य ते पाच गुण, बेरजेची दुप्पट म्हणजे टक्के. चालणे, बसणे, झोप, प्रवास असे रोजचे व्यवहार त्यात विचारले जातात. वीस टक्क्यांपर्यंतचा त्रास किरकोळ धरतात.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा ‘किरकोळ’ शिक्का मला मान्य नाही. तासभर खुर्चीत नीट बसू शकणारी मुलगी रुग्णाच्या तोंडावर पंधरा मिनिटे वाकू शकेल का, हे त्या दहा विभागांत कुठेच विचारलेले नाही. तिचे पोट मात्र पुढची तीस-पस्तीस वर्षे त्याच वाकण्यावर चालायचे आहे. आरशात पाहून काम करण्याचा सराव पहिल्या रुग्णाआधीच, नकली डोक्यावर, पक्का करून घेता येतो. पलंगाची उंचीही कमरेपर्यंत आणता येते.