शहराची वाहतूक आणि प्रवाशाचा खिसा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पण खरे सांगायचे तर त्याआधी मला रोज एस.टी.ची पायरी चढावी लागते. विद्यार्थ्यांना एक तृतीयांश भाड्यात मासिक पास मिळतो, म्हणूनच रोजचे बावीस किलोमीटर वडिलांना परवडतात. पास नसता तर माझे शिक्षण बारावीलाच थांबले असते. त्यामुळे मोठ्या शहरांच्या वाहतुकीविषयी वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न येतो : ज्याच्या खिशात सर्वांत कमी पैसे आहेत, त्याला ही गाडी कुठवर नेते?

प्रथम मुंबई पाहू. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली लोकल धावली. आज कर्जत-कसाऱ्याचा कामगारही दुसऱ्या वर्गाच्या पासावर रोज मुंबई गाठतो. इतक्या थोड्या पैशांत इतके लांब नेणारी दुसरी सोय आपल्या देशात क्वचितच असेल. परंतु या स्वस्ताईची किंमत गर्दीत मोजावी लागते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले.

दिल्लीची मेट्रो याच्या उलट. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या या गाडीची दारे आपोआप बंद होतात; डबे थंड आणि स्वच्छ. पण २०१७ या एकाच वर्षात तिचे कमाल भाडे तीस रुपयांवरून साठ रुपयांवर गेले. दार सुरक्षित झाले खरे, पण गरिबाला ते उघडे राहिले काय? २०१९ च्या ऑक्टोबरपासून तेथील सरकारी बसमध्ये स्त्रियांना मोफत प्रवास मिळू लागला, हे मात्र नमूद केले पाहिजे.

कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात, जुने आणि नवे शेजारी नांदले. देशातील पहिली मेट्रो तेथेच २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली आणि मार्च २०२४ मध्ये ती हुगळी नदीखालून हावड्याला पोचली. पण १८७३ साली घोड्यांनिशी सुरू झालेल्या ट्रामचे मार्ग आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. मुंबईने तर आपली ट्राम १९६४ सालीच बंद केली. ट्राम संथ खरी, पण तिचे भाडे थोडे होते.

तात्पर्य, नवी वेगवान गाडी जरूर यावी. परंतु तिच्यासाठी जुनी स्वस्त गाडी काढून घेऊ नये. भाडे वाढते तेव्हा कुणाची तरी नोकरी, कुणाचे तरी कॉलेज लांब जाते.

हे लिहीपर्यंत ग्रंथालयातील घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली. आमच्या गावाची शेवटची एस.टी. साडेपाचला सुटते. ती चुकली तर खिशातल्या पासाचा काय उपयोग? परवडणारे भाडे हवे, तशी वेळेला गाडीही हवी. म्हणून येथेच थांबतो.